दात कोरून

मालेगाव स्टँडच्या उताराला, चिवड्याच्या दुकानावर
पहिल्या मजल्यावर आमचा दवाखाना.
जिन्यात तळलेल्या लसणाचा वास,
शेवटच्या तीन पायऱ्यांना लवंगतेलाचा.
तिथेच माणसं थांबतात.
म्हणतात, आता दुखायचं राहिलंय,
जाऊ का परत?

मी नवाच्या आधी येते.
ऑटोक्लेव्ह उघडते, चष्म्यावर वाफ बसते.
आरसा, टोकदार सळई, चिमटा,
ट्रेमध्ये याच क्रमाने.
डॉक्टर ब्रह्मेचा न बघता हात पुढे करतात
आणि हवं ते तिथे असतं.
अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाही त्यांनी
ते तिथे कसं असतं.

ते दात बघतात. मी पाय बघते.
अंगठा आत वळला की समजायचं,
कळ मस्तकात गेली.
मग थुंकी ओढायची नळी जराशी सरकवते,
खांद्यावर हात ठेवून म्हणते, झालं, झालं.
झालेलं नसतं.

परवा मोहाडीची शेवंताबाई आली,
द्राक्षाच्या पॅकहाउसमधली, वय तिच्या मते चाळीस.
हिरड्या काळ्या, खालचे दोन बोटाने हलतात.
मिश्री कधीपासून?
न्हाण आलं त्या वर्षापासून.
डॉक्टरांनी केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं.
मी जिन्यात गाठून तिला मराठीत सांगितलं.
ती म्हणाली, बाई गं, मिश्री लावल्याशिवाय
सकाळी मोकळं होत नाही.
ते काय तू करून देणार?
दोघी हसलो.
तिने तोंडाला पदर लावून.

गिरणाऱ्याच्या शाळेत शिबिर होतं.
हजर एक्केचाळीस.
प्लास्टरचा जबडा मांडीवर, हातभर ब्रश,
वरचे खाली, खालचे वर,
पेस्ट हरभऱ्याएवढी, आणि रात्री झोपताना नक्की.
मागून एक पोरगा उठला, काशिराम की काय नाव,
मॅडम, ब्रश एकच आहे. आम्ही पाच जण.
रात्री कोणी घासायचे?
जबड्यात बत्तीसच्या बत्तीस होते,
त्याला विचारून उपयोग नव्हता.
कंपनीने दिलेल्या पिशवीतून
मी पाच ब्रश काढून त्याच्या हातात दिले.
मग चाळीस हात वर झाले.
पिशवीत उरले होते पंचवीस.

परतताना गाडीत डॉक्टर झोपले.
मी हिशेब लिहीत होते,
तपासले किती, किडलेले किती, कोणाला बोलावलं.
एक रकाना नाहीच त्या फॉर्मात.
कोणी जिना चढून सांगायला येत नाही
की ताई, माझी दाढ दुखली नाही.
काढलेल्या दातांना आमच्याकडे बरणी आहे.
न काढलेले
गावभर कणीस खात फिरतात.

दात कोरून पोट भरत नाही,
आई म्हणायची, मी नोकरी धरली तेव्हा.
माझं भरतं. तिचंही.
तिची कवळी मी पगारातून हप्त्याने कापून आणली.
रात्री ती वाटीत काढून ठेवते, मी घासते,
मऊ ब्रशने, गार पाण्यात
(गरम पाणी घालू नका, हे मी सगळ्यांना सांगते).
लग्नापासूनच्या प्रत्येक फोटोत
तिची चार बोटं ओठांवर आहेत.

काल म्हणाली, तू रे आ कर बघू.
मी रांगेतल्या पेशंटसारखी मान मागे टाकली.
एकेका दाताला बोट लावत तिने मोजले,
मध्येच चुकली, पुन्हा पहिल्यापासून.
तीस, म्हणाली. दोन अक्कलदाढा यायच्यात अजून तुझ्या.
बोळक्या तोंडाने, हात न लावता, हसली.

बोटाला मिश्रीचा वास होता.
डबी मी संक्रांतीलाच
घंटागाडीत टाकली होती,
स्वतःच्या हाताने.